अंधारात वाजणारा फोन

भारनियमनाच्या दिवसांत सांगलीच्या आमच्या घरात रोज संध्याकाळी एक ठरलेला क्षण यायचा. पंखा घरघरत मंद होत थांबायचा, फ्रीजची थरथर बंद व्हायची, टीव्हीवरचं पात्र अर्ध्या वाक्यात नाहीसं व्हायचं आणि गल्लीभर पोरांचा एकच ओरडा उठायचा, "लाइट गेली!" आई चाचपडत काडेपेटी शोधायची. आणि कधीकधी नेमक्या त्याच मिट्ट काळोखात कोपऱ्यातल्या स्टुलावर, विणलेल्या रुमालाखाली झाकलेला फोन खणखणून वाजायचा. घरातली प्रत्येक वस्तू निपचित पडलेली आणि हा एकटा टक्क जागा. पलीकडे मुंबईहून आत्या असायची आणि तिचा आवाज नेहमीइतकाच स्वच्छ असायचा.

एकदा मी बाबांना विचारलं, "लाइट नाही, मग हा वाजतो कसा?" बाबा कंदिलाची काच पुसत म्हणाले, "त्याची लाइट वेगळी असते."

ते उत्तर अक्षरशः खरं होतं, हे कळायला मला वीसेक वर्षं लागली.

तीच आत्या निवृत्तीनंतर दापोलीजवळच्या गावी परतली आणि आता घरात एकटीच असते. तिच्याकडे तांब्याच्या तारेच्या जागी फायबर आलं आणि फोन इंटरनेटवर चालू लागला. पाऊस लागला की तिकडे लाइटचा भरवसा नसतो. मागच्या पावसाळ्यात दिवसभर तिचा फोन लागेना. संध्याकाळी एकदाचा लागला तेव्हा मी जरा चिडूनच विचारलं, "आत्या, फोन का उचलत नव्हतीस?" ती म्हणाली, "अरे, वाजलाच नाही. लाइट गेली की हा डबा मेलाच म्हणून समज."

म्हणजे बाबा सांगायचे ती 'वेगळी लाइट' मधल्या काळात कुठेतरी गेली होती. ती कुठे गेली, याचा शोध घेताना मला जे सापडलं, ते तुम्हाला सांगावंसं वाटतं. कारण त्यात जस्ताच्या कांड्या आणि नवसागराचं पाणी आहे, केसाएवढ्या काचेतून एकमेकांना ओलांडून जाणारे प्रकाशकिरण आहेत आणि मरता मरता शेवटचा निरोप धाडणारा एक डबाही आहे.

सुरुवात घरातल्या बॅटरीपासूनच होते. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलला टेलिफोनचं पेटंट मिळालं १८७६ मध्ये. त्यानंतर सहाच वर्षांनी, २८ जानेवारी १८८२ रोजी, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या तीन शहरांत टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाली. त्या काळच्या टेलिफोनला स्वतःची बॅटरी लागायची. भिंतीवरच्या लाकडी पेटीत किंवा जवळच्या फळीवर काचेच्या बरण्या असत. बरणीत नवसागराचं पाणी, त्यात जस्ताची कांडी आणि कोळसा. तेवढ्यावर बोलण्यापुरती वीज तयार व्हायची. एक्स्चेंजला हाक मारायची तर पेटीच्या बाजूचा दांडा गरगर फिरवायचा, की आतलं छोटं जनित्र पलीकडची घंटी वाजवायचं. जस्त झिजायचं, पाणी आटायचं, आणि ते बदलायला माणसाला घरोघर फिरावं लागायचं. जितके फोन, तितक्या बॅटऱ्या.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात अभियंत्यांनी ही सगळी पसरलेली बॅटरी गोळा करून एका जागी नेली. एक्स्चेंजमध्ये एकच मोठा बॅटरीसंच ठेवायचा आणि ज्या दोन तारांवरून आवाज जातो, त्याच तारांवरून प्रत्येक घराला वीजही पाठवायची. गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये शोधलेली शिशाची बॅटरी इथे कामाला आली. तिच्या एका घटाचा दाब साधारण २ व्होल्ट. असे २४ घट एकापुढे एक जोडले की ४८ व्होल्ट. जगभरच्या बहुतेक एक्स्चेंजांनी हाच आकडा स्वीकारला. आमच्या रुमालाखालचा फोन या ४८ व्होल्टांवर जगत होता आणि ते सांगलीच्या एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांमधून, रस्त्याखालच्या केबलमधून, खांबावरून आमच्या स्टुलापर्यंत येत होते. बाबांची 'वेगळी लाइट' ती हीच.

या व्यवस्थेतली काटकसर पाहण्यासारखी आहे. फोन ठेवलेला असताना तारेतून जवळजवळ काहीच प्रवाह वाहत नाही. रिसीव्हर उचलला की आतला खटका मोकळा होतो, दोन तारांचं वर्तुळ पूर्ण होतं आणि वीसपंचवीस मिलिअँपिअरचा बारीक प्रवाह सुरू होतो. एवढ्यानेच एक्स्चेंजला कळतं, की अमक्या घरी कुणीतरी फोन उचललाय. सगळं बोलणं साधारण एका वॅटच्या आसपास भागतं. जुन्या रिसीव्हरच्या बोलायच्या टोकाला कोळशाच्या बारीक कणांची डबी असायची. तुमच्या आवाजाने पडदा थरथरला की कण दाबले जायचे, सैल व्हायचे, आणि त्यांच्यातून जाणारा प्रवाह त्याच लयीत कमीजास्त व्हायचा. मुंबईतल्या आत्याच्या ओठांची थरथर अशी विजेच्या अंगावर उमटून प्रवासाला निघायची. घंटी वाजवायला मात्र जरा जोर लागतो. त्यासाठी एक्स्चेंज तारेवर ७५ ते ९० व्होल्टांचा, सेकंदाला वीसपंचवीस हेलकावे घेणारा प्रवाह सोडायचं. पावसात ओल्या तारेला हात लावल्यावर नेमकी तेव्हाच घंटी आली, तर बसणारा झटका जुन्या लाइनमनना चांगलाच ठाऊक असतो.

आणखी एक बारकावा मला फार आवडतो. एक्स्चेंजमध्ये बॅटरीचं धन टोक जमिनीला जोडतात आणि तारेवर ऋण दाब ठेवतात. म्हणून तंत्रज्ञ त्याला 'उणे ४८' म्हणतात. कारण असं, की तारेवरचं वेष्टन कुठे फाटलं आणि ओली माती तांब्याला लागली, तर विजेमुळे धातू झिजायला लागतो, आणि झिजतं ते धन बाजूचं टोक. तारेला ऋण ठेवलं की मातीत पुरलेलं तांबं वाचतं. म्हणजे केबल फाटेल, पाऊस शिरेल, हे गृहीत धरूनच वजाबाकीचं हे चिन्ह निवडलेलं आहे.

आणि आता या गोष्टीचा गाभा. एक्स्चेंजमधली बॅटरी वीज गेल्यावर जोडायची म्हणून बाजूला ठेवलेली नसते. ती कायम जोडलेलीच असते. वीज असेपर्यंत चार्जर साधारण ५४ व्होल्टांवर सगळ्या फोनना वीज पुरवतो आणि त्याच वेळी बॅटरीही भरलेली ठेवतो. तंत्रज्ञ म्हणतात, बॅटरी 'फ्लोट'वर आहे. बाहेरची वीज गेली की कुठली कळ फिरवावी लागत नाही, कुठला खटका पडत नाही. पाट आटला तरी विहिरीतलं पाणी जसं तसंच असतं, तसा फोनला पुरवठा चालू राहतो. मधे क्षणाचीही फट नाही. म्हणून लाइट जायच्या क्षणी चालू असलेल्या बोलण्यात साधी खरखरही यायची नाही. बॅटरी उतरायच्या आत एक्स्चेंजच्या आवारातला डिझेल जनरेटर सुरू झालेला असायचा.

मग फायबर आलं. फायबर म्हणजे काच. १२५ मायक्रॉन जाडीचा, म्हणजे मिलिमीटरच्या आठव्या हिश्शाइतका काचेचा धागा, आणि प्रकाश वाहतो तो त्याच्याही पोटातल्या अवघ्या नऊ मायक्रॉनच्या गाभ्यातून. पंजाबातल्या मोग्यात जन्मलेल्या नरिंदर सिंग कपानींनी १९५४ मध्ये शास्त्रज्ञ हॉपकिन्स यांच्याबरोबर काचतंतूंच्या जुडग्यातून चित्र पलीकडे नेऊन दाखवलं. १९६६ मध्ये चार्ल्स काव यांनी मांडलं, की काच पुरेशी शुद्ध केली तर प्रकाश कित्येक किलोमीटर जाऊ शकेल. त्या कामासाठी त्यांना २००९ मध्ये नोबेल मिळालं. आजची काच इतकी शुद्ध असते, की किलोमीटरभर जाडीच्या काचेतूनही नव्वद टक्क्यांहून जास्त प्रकाश पलीकडे निघतो.

आत्याच्या घरी येणाऱ्या धाग्यात डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश असतो. एक्स्चेंजकडून तिच्याकडे १४९० नॅनोमीटर लहरीचा आणि तिच्याकडून एक्स्चेंजकडे १३१० नॅनोमीटरचा. दोन्ही एकाच धाग्यातून, एकाच वेळी, उलट दिशांनी जातात आणि एकमेकांना ओलांडताना अडत नाहीत. अरुंद घाटातून दोन एसट्या समोरासमोर याव्यात आणि एकीनेही वेग कमी न करता पार व्हावं, तसं काहीसं. वाटेत खांबावरच्या डबीत एका धाग्यातला प्रकाश ३२ किंवा ६४ घरांना वाटला जातो. ती वाटणीही काचच करते, तिथे विजेचा संबंध येत नाही. वाटणी होत होत घरापर्यंत पोहोचलेला प्रकाश एका वॅटच्या काही दशलक्षांश भागाएवढाच उरतो. घरातला डबा त्यातले दोन दशलक्षांश मिळाले तरी वाचू शकतो. आत्या 'हॅलो' म्हणते तेव्हा तिचा आवाज सेकंदाला ८००० वेळा मोजला जातो, त्या आकड्यांच्या साधारण ५० पुड्या बांधल्या जातात आणि एकेक पुडी उजेडाच्या लुकलुकीत बदलून एक्स्चेंजकडे निघते.

इतकं सगळं ही काच करते. पण वीज तेवढी तिच्यातून जात नाही. काच विद्युतरोधक आहे. खांबावरच्या तारांना धरून ठेवायला पूर्वी चिनीमातीचे आणि काचेचे रोधक बसवत, ते नेमके याच गुणासाठी. तांब्याने आवाज आणि वीज एकाच झोळीतून आणली. काचेने आवाजाबरोबर कितीतरी पट जास्त माहिती आणली, वीज मात्र एक्स्चेंजमध्येच राहिली.

घरातल्या डब्याकडे आता नव्याने बघा. फायबरवाला त्याला 'ओएनटी' म्हणतो, आपण 'मोडेम' किंवा 'वायफायचा डबा' म्हणतो. त्याच्या मागे टेलिफोनची बारीक खाच असते. तिथे जुना साधा फोन लावला तर तो मुकाट्याने चालू लागतो, कारण त्याला लागणारे जवळपास ४८ व्होल्ट हा डबा स्वतः तयार करून देतो. फोन आला की ॲडाप्टरकडून मिळालेल्या १२ व्होल्टांना चढवत नेऊन घंटी वाजण्याएवढा हेलकावता प्रवाहही तोच बनवतो. रिसीव्हर उचलला की ओळखतो. म्हणजे सांगलीच्या एक्स्चेंजमधल्या कपाटांचं जे काम, ते आता हाताच्या तळव्याएवढ्या पट्टीवर, टीव्हीमागच्या फळीवर चालतं. एक्स्चेंज आपल्या घरात राहायला आलं, पण येताना त्याची बॅटरी मागेच राहिली. आणि म्हणून दीडशे वर्षांच्या या फेऱ्यात आपण पुन्हा तिथेच आलो, जिथे मुंबईतले १८८२ चे ग्राहक होते. ज्याचा फोन, त्याची बॅटरी.

लाइट जाते त्या क्षणी हा डबा काय करतो, हे कळलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. आतल्या कपॅसिटरमध्ये थोडीशी वीज साठलेली असते, काही मिलिसेकंद पुरेल एवढीच. बाहेरचा पुरवठा तुटला असं लक्षात येताच डबा ती शेवटची शिदोरी स्वतःसाठी न वापरता एक्स्चेंजला एक निरोप धाडण्यात खर्च करतो: माझी वीज गेली. या निरोपाचं अभियंत्यांनी ठेवलेलं नावच 'अखेरचा श्वास' अशा अर्थाचं आहे. त्यामुळे एक्स्चेंजमध्ये बसलेल्या माणसाला कळतं, की फायबर तुटलेलं नाही, फक्त या घरी लाइट नाही. पावसाळ्यात एखाद्या गावाची लाइट जाते तेव्हा शेकडो डबे एकदम आपला अखेरचा श्वास त्या काचेत सोडतात आणि गप्प होतात.

मग त्या डब्याला जागं ठेवायला किती लागतं? फारच थोडं. त्याच्या ॲडाप्टरवर बहुधा १२ व्होल्ट आणि १ किंवा दीड अँपिअर लिहिलेलं असतं. ती कमाल मर्यादा असते. प्रत्यक्षात डबा आठ-दहा वॅट खातो, म्हणजे एका एलईडी बल्बएवढे. घरात इन्व्हर्टर असेल तर प्रश्नच नाही, असं आपल्याला वाटतं. १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीत १८०० वॅट-तास साठलेले असतात, हे खरंच. पण तिथे एक गमतीशीर द्राविडी प्राणायाम चालतो. बॅटरीचे १२ व्होल्ट इन्व्हर्टर २३० पर्यंत चढवतो, ते भिंतीतून प्लगपर्यंत येतात, आणि ॲडाप्टर त्यांना उतरवून पुन्हा १२ करतो. चढताना गळती, उतरताना गळती, शिवाय इन्व्हर्टर स्वतःला जागं ठेवायला खातो ते वेगळंच. आणि लाइट गेल्यावर त्याचा खटका बॅटरीकडे पडेपर्यंत काही मिलिसेकंदांची फट पडते. बल्ब त्यात नुसता लुकलुकतो, पण डबा कधीकधी बंद होऊन पुन्हा सुरू होतो. मग त्याला पूर्ण जागं व्हायला दोन-तीन मिनिटं लागतात आणि चालू असलेला फोन तुटतो. इन्व्हर्टरवर 'यूपीएस' असा पर्याय असेल तर तो निवडावा. त्यात ही फट बरीच लहान होते.

याहून सुटसुटीत वस्तू म्हणजे राऊटरचा मिनी यूपीएस, साबणाच्या वडीपेक्षा जरा मोठी डबी. आत बहुतेकदा तीन लिथियम सेल असतात. याच प्रकारच्या बॅटरीच्या शोधासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. प्रत्येक सेल ३.७ व्होल्ट आणि २००० मिलिअँपिअर-तासांचा धरला तर तिघांत मिळून २२ वॅट-तास होतात. आठ वॅटच्या डब्याला कागदावर पावणेतीन तास, आणि गळती वजा जाता सव्वादोन-अडीच तास. पण मला आकड्याहून अप्रूप वाटलं ते तिच्या जोडणीचं. ॲडाप्टर या डबीत, डबीतून वायर राऊटरमध्ये. लाइट असेपर्यंत ती राऊटरला वीज देते आणि आपले सेलही भरलेले ठेवते. लाइट गेली की फट न पडता सेल ती जागा घेतात. २३० व्होल्टांची चढउतार नाही, सगळा व्यवहार १२ व्होल्टांतच. एक्स्चेंजच्या बॅटरीखोलीतली तीच जुनी युक्ती, शिशाच्या अवजड घटांऐवजी खिशात मावणारी.

विकत घेताना मात्र डोळे उघडे हवेत. राऊटरला जितके व्होल्ट लागतात, तितकेच डबीने द्यायला हवेत. काही राऊटर ९ किंवा ५ व्होल्टांचे असतात, त्यांना १२ व्होल्ट दिले तर ते जळतील. पिनेच्या मधल्या टोकाला धन की ऋण, हे दोन्हींवरच्या छोट्या चित्रात जुळवून पाहावं. काही घरांत फायबरचा डबा आणि वायफायचा राऊटर वेगवेगळे असतात. तेव्हा दोघांनाही वीज हवी, एक जागा राहून उपयोग नाही. फोनचा संच तारेचाच ठेवावा. कॉर्डलेसच्या तळाला स्वतःची वीज लागते, तो तर तांब्याच्या काळातही अंधारात मुका व्हायचा. लिथियमला उष्णता सोसत नाही, म्हणून डबी टीव्हीमागे कोंबू नये, मोकळ्या हवेत ठेवावी. ती फुगलेली दिसली तर तेव्हाच वापर थांबवून ई-कचऱ्यात द्यावी.

एवढं करूनही साखळीतली एक कडी आपल्या हातात नसते. धागा घरापासून एक्स्चेंजपर्यंत सलग असेल तर मधे कुठेच वीज लागत नाही आणि एक्स्चेंजकडे त्याच्या बॅटऱ्या असतात. पण कित्येक इमारतींत फायबर जिन्यापर्यंतच येतं आणि तिथल्या पेटीतल्या स्विचमधून घराघरांत वायर जाते. तो स्विच इमारतीच्या सामाईक मीटरवर असतो. लाइट गेली की आधी तोच मरतो, आणि मग तुमच्या डबीचा हिरवा दिवा नुसताच जळत राहतो. म्हणून फायबरवाल्याला हा प्रश्न विचारायलाच हवा: "मधे कुठे लाइटवर चालणारं काही आहे का?" मोबाइल आहे की, असं आपण म्हणतो. पण टॉवरलाही बॅटरी असते आणि तीही संपते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा दापोली-मंडणगडपासून श्रीवर्धनपर्यंत कित्येक गावांत वीज आठवडेच्या आठवडे आली नाही आणि मोबाइलही गप्प झाले. मुंबई-पुण्यातल्या मुलांना आईवडील सुखरूप आहेत की नाहीत, एवढंही कळायला मार्ग नव्हता.

हा प्रश्न इतर देशांनीही ओळखला आहे. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने २०१५ मध्ये नियम केला, की अशा घरगुती फोनसाठी कंपन्यांनी ग्राहकाला आठ तासांच्या बॅटरीचा पर्याय द्यावा आणि पुढे तीन वर्षांत चोवीस तासांचा. ब्रिटनमध्ये नियामकाने २०१८ मध्ये सांगितलं, की जे लोक घरच्या फोनवरच अवलंबून आहेत, त्यांना वीज गेल्यावर निदान तासभर तरी मदतीला फोन करता यायला हवा. दोन्हीकडे विचार एकच होता: तंत्र बदलताना जुन्या तारेने न सांगता सांभाळलेली जबाबदारी हरवू नये. एक्स्चेंजची ती बॅटरी बिलात कधी वेगळी दिसली नाही. ती होती, हे आपल्याला ती गेल्यावर कळलं.

गणपतीला दापोलीला गेलो तेव्हा मी आत्यासाठी तशी एक डबी घेऊन गेलो. जोडली, रात्रभर भरू दिली आणि सकाळी तिच्यासमोर मेन स्विच खाली केला. फ्रीज थांबला, पंखा मंदावला. मी अंगणात जाऊन माझ्या मोबाइलवरून तिचा नंबर फिरवला. आत, बंद पडलेल्या घरात, फोन खणखणून वाजला. आत्याने तो उचलला, पण बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "असाच वाजायचा रे तुमच्या सांगलीला. तुझी आई म्हणायची, आमच्याकडे लाइट नाही, तू मात्र बोलत राहा."

मी तिला सांगून आलो, की बॅटरी दरवर्षी थोडी थोडी थकते, म्हणून महिन्यातून एकदा तपासत जा. एक्स्चेंजच्या बॅटरीखोलीत हे काम करायला माणसं नेमलेली असत, तिथे वह्या ठेवलेल्या असत. आता त्या खोलीची जबाबदारी आत्याकडे आली आहे आणि ती मनापासून निभावते. दर महिन्याच्या एक तारखेला ती मेन स्विच खाली करते, घड्याळ लावून बसते आणि कालनिर्णयवर दुधाच्या हिशोबाखाली, सिलिंडरच्या तारखेशेजारी बारीक अक्षरात लिहिते: 'फोन चालू. २ तास २० मिनिटं.'